बूट काढले की गुडघा बरा होतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचं वय 41. तीन वर्षांपासून आठवड्यातून चार दिवस पाच-सहा किलोमीटर धावतात. सहा महिन्यांपासून गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीभोवती दुखतंय. "बूट फेकून दे, सगळं थांबेल," असं कुणीतरी सांगितलं, म्हणून गेल्या रविवारी पहिल्याच दिवशी चार किलोमीटर अनवाणी धावले. धावताना झकास वाटलं. सोमवारपासून जिना उतरता येत नाहीये. आता पातळ तळाचे बूट घेऊन सुरुवात करावी का, घरातही अनवाणीच राहावं का आणि सहा वर्षांच्या मुलीला अनवाणी खेळू द्यावं का, हे त्यांना हवंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतः अनवाणी धावते आणि या नादात एकदा पायाचं हाड मोडून घेतलेलं आहे. ते पुढे येईलच. आधी तुमची पोटरी.

धावण्याच्या नेहमीच्या बुटात टाच चवड्यापेक्षा साधारण 10 ते 12 मिलिमीटर उंच असते. वर्षानुवर्षं तुमची पोटरी आणि टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, थोड्या आखडलेल्या अवस्थेतच काम करत आलीय. बूट काढल्यावर ती उंची गेली. शिवाय टाच जमिनीवर आपटली की झोंबते, म्हणून तुम्ही आपोआप चवड्यावर उतरायला लागलात. चवड्यावर उतरलं की प्रत्येक पावलाला टाच हळूच खाली टेकवायचं काम पोटरी करते; स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखवणारा प्रकार तो हाच. हिशोब करून बघा: चार किलोमीटरला 26 मिनिटं धरली आणि मिनिटाला 165 पावलं, तर झाली जवळजवळ 4,300 पावलं. ज्या कामाची सवयच नव्हती ते प्रत्येक पोटरीने दोन हजारांहून जास्त वेळा केलं. जिना उतरताना बोंब मारणारच.

दोन्ही पोटऱ्या सारख्याच दुखत असतील तर चार-पाच दिवसांत उतरेल. सपाटीवर सावकाश चाला, जोर लावून ताणू नका, मालिश करायचीच तर हलक्या हाताने. एकच पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल, बसल्या जागीही ठणकत असेल, तर मात्र वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा; रक्तवाहिनीत गुठळी असू शकते. धावताना फाटकन काही तुटल्यासारखं वाटलं असेल तरीही तेच.

आता गुडघा. "बूट फेकून दे" म्हणणारा अगदीच खोटं बोलत नव्हता. अनवाणी धावताना पाऊल आखूड पडतं, पाय शरीराच्या फार पुढे न पडता जवळजवळ खाली पडतो आणि वाटीमागच्या सांध्यावरचा दाब कमी होतो. पण तो भार हवेत विरत नाही. गुडघ्यावरून निघतो आणि पोटरी, अकिलीस आणि पंजाच्या लांब हाडांवर जाऊन बसतो. गुडघ्याचं दुखणं देऊन टाचेचं घेतलं, असा व्यवहार करणारे लोक माझ्याकडे नेमाने येतात. म्हणून फक्त गुडघ्यासाठी हे करायचं असेल, तर आधी बूट घालूनच एक प्रयोग करा. एका मिनिटात तुमची किती पावलं पडतात ते मोजा आणि वेग तोच ठेवून ती पाच ते दहा टक्क्यांनी वाढवा. 160 असतील तर 168 ते 176. एवढ्यानेही गुडघ्यावरचा भार मोजण्याइतका उतरतो. महिनाभर हे करून बघा. कित्येकांची गोष्ट इथेच संपते आणि बूट काढायची वेळच येत नाही.

तरीही अनवाणी धावायचंच आहे? छान. मला स्वतःला ते फार आवडतं, पण गुडघ्याचं औषध म्हणून नव्हे.

या विषयावर दोन्ही बाजूंचे भक्त फार आहेत, म्हणून अभ्यास काय म्हणतात ते सांगते. 2010 साली हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांच्या गटाचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. लहानपणापासून अनवाणी धावणारे बहुतेक जण चवड्यावर किंवा सपाट पावलावर उतरतात आणि टाच आपटल्यावर बसतो तो सुरुवातीचा तीव्र झटका त्यांच्यात जवळजवळ दिसत नाही, असं त्यात होतं. त्यावरून जगभर 'टाचेवर उतरणं पाप' अशी हवा झाली. मग 2013 साली उत्तर केनियातल्या दासानाच लोकांचा अभ्यास आला. हेही आयुष्यभर अनवाणी राहणारे, पण आपल्या सोयीच्या संथ वेगात धावताना त्यांच्यातले 72 टक्के टाचेवरच उतरत होते. वेग वाढला की टाचेवर उतरणं कमी होत गेलं. म्हणजे 'नैसर्गिक' पाऊल असं एकच नाही. वेग, जमीन, सवय यांवर ते बदलतं. आणि दुखापतींचं? 2016 साली दोनशे धावपटूंवर वर्षभर नजर ठेवून केलेल्या तुलनेत अनवाणी धावणाऱ्यांना एकूण दुखापती कमी झालेल्या दिसल्या, पण ते धावलेही कमी होते; धावलेल्या अंतराच्या हिशोबात दोन्हीकडचं प्रमाण सारखंच निघालं. फरक जागेचा होता. अनवाणी गटात पोटरी आणि तळवा जास्त दुखावलेले होते.

अबेबे बिकिलाचं नाव या वादात हमखास निघतं. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये तो अनवाणी मॅरेथॉन धावला आणि 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत जिंकला. पण तो सरावही अनवाणी करायचा, त्याचे तळवे काही आदल्या रविवारी तयार झाले नव्हते. आणि 1964 मध्ये टोकियोला तोच बिकिला बूट घालून 2 तास 12 मिनिटं 11 सेकंदांत जिंकला, हे सांगायला भक्त विसरतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न, पातळ तळाचे बूट. माझं उत्तर आहे, नको. निदान सुरुवातीला तरी नको. बहुतेकांना हे उलटं वाटतं. बूट आणि अनवाणी यांच्यामधली ही पायरी आहे, मग आधी तिच्यावर पाय ठेवावा, असा हिशोब असतो. पण बघा, अनवाणी धावायला लागल्यावर बदलायच्या गोष्टी तीन. तळव्याची कातडी काही आठवड्यांत तयार होते. पोटरी आणि पंजाचे स्नायू दोन-तीन महिने घेतात. अकिलीससारखे टेंडन आणि हाडं सगळ्यात सावकाश, सहा महिने ते वर्ष. ओरडण्याचा क्रमही असाच आहे. कातडी त्याच क्षणी ओरडते, स्नायू दुसऱ्या दिवशी, आणि हाड तीन-चार आठवडे गप्प बसून एक दिवस तडकतं. उघड्या पायाने धावताना कातडी बहुतेकांना लवकरच थांबवते, आणि त्यामुळे हाड आपोआप वाचतं. पातळ बूट नेमकी ती तक्रार बंद करतो. खडा टोचत नाही, घासत नाही, मस्त हलकं वाटतं, आणि तुम्ही सहा किलोमीटर जाऊन येता. भार मात्र अनवाणी धावल्याइतकाच पडलेला असतो.

माझं हेच झालं. बोटं वेगवेगळी असलेले पातळ बूट घेतले, पाचव्या आठवड्यात आठ किलोमीटर धावत होते आणि स्वतःवर खूश होते. मग उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या रेषेत, बोटाच्या पेराएवढ्या जागेत दुखायला लागलं. बुटाची नाडी घट्ट बांधल्यावर दुखतं तसं, पण त्या बुटांना नाडीच नव्हती! एक्स-रे काढला, स्वच्छ आला. अशा तड्याचा एक्स-रे पहिले दोन-तीन आठवडे स्वच्छ येऊ शकतो, हे मी लोकांना रोज सांगते. स्वतःच्या वेळी सोयीस्कर विसरले आणि आणखी दहा दिवस धावले. पुढच्या एक्स-रेत हाडावर नवं हाड धरल्याचा ढगाळ पट्टा दिसला. सहा आठवडे कडक तळाचा बूट, चार महिने धावणं बंद. पुढे 2013 साली एक अभ्यास आला. धावपटूंना दहा आठवड्यांत हळूहळू अशाच बुटांवर आणलं, आधी आणि नंतर पायाचा एमआरआय काढला. 19 पैकी 10 जणांच्या पायाच्या हाडांत आतून सूज वाढलेली दिसली. दहा आठवडे म्हणजे 'हळूहळू' असं आपल्याला वाटतं. हाडाला तसं वाटत नाही.

तर उघड्या पायानेच सुरुवात करा. आधी पोटरी पूर्ण शांत होऊ द्या. मग कडेला कठडा किंवा भिंत धरून एका पायावर उभं राहून टाच उचला, सावकाश खाली आणा. सलग वीस-पंचवीस वेळा जमतंय का? नसेल तर आधी तेच कमवा, एक दिवसाआड. ते जमलं की नेहमीच्या धावण्याच्या सुरुवातीला, पाय ताजे असताना, बूट काढून तीनशे-चारशे मीटर. बस्स. मग बूट घालून उरलेलं धावा. आठवड्यात दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. दर आठवड्याला शंभर-दोनशे मीटर वाढवा आणि चौथा आठवडा वाढ न करता घालवा. दोन महिन्यांनी एक-दीड किलोमीटर झालं तर उत्तम चाललंय. एकूण धावणं तेवढंच ठेवा, अनवाणी भाग त्याच्या आतच धरा, वर जोडू नका.

जमीन कोणती, यावर माझं मत ऐकून लोक चमकतात. गुळगुळीत, कडक, स्वच्छ. चांगला काँक्रीटचा रस्ता, फरशी, सिंथेटिक ट्रॅक. गवत छान वाटतं, पण त्यात काच, काटा, खड्डा दिसत नाही आणि मऊपणामुळे तुम्ही टाच आपटत राहता, कळतच नाही. कोरड्या वाळूत टाच खाली रुतते आणि पोटरीची वाट लागते. कडक जमीन चूक लगेच दाखवते, म्हणून ती शिकवते. ट्रॅकवर मात्र पहिल्या दिवसांत जपा, तो सॅंडपेपरसारखा घासतो.

धावून आल्यावर खाली बसा आणि तळवा उलटा करून उजेडात बघा. मी प्रत्येकाला हे करायला लावते, कारण कुठे लाल झालंय यावरून तुम्ही कसे धावलात ते वाचता येतं. अंगठ्याच्या टोकाला किंवा बोटांच्या पेरांखाली फोड आला असेल तर तुम्ही बोटांनी जमीन पकडताय किंवा मागे ढकलताय. बोटं सैल सोडा, पाय जमिनीवरून सरळ वर उचला. अंगठ्याच्या मुळाशी, चवड्याच्या जाड भागावर आग होत असेल तर पाऊल फार पुढे पडतंय, प्रत्येक पावलाला ब्रेक लागतोय आणि कातडी घासतेय. एकाच पायाला फोड येत असेल तर दोन पाय वेगवेगळं काम करताहेत. बहुतेक वेळा जुन्या दुखापतीचा तो पाय असतो. टाच मऊ, कोरी, धूळही न लागलेली असेल तर ती मोठी चूक. टाच हवेत ठेवून चवड्यावरच धावणं म्हणजे अनवाणी धावणं नव्हे. चवडा आधी टेकतो, पण मग टाचही जमिनीला लागलीच पाहिजे, प्रत्येक पावलाला. अकिलीस धरलेले निम्मे लोक याच चुकीने आलेले असतात.

आणखी एक खूण म्हणजे आवाज. चांगलं पाऊल जवळजवळ ऐकू येत नाही. थपथप आवाज येत असेल तर दमलात, आजचं झालं. कानात गाणी लावू नका एवढ्यासाठीच.

तळवे दगडासारखे होतील आणि संवेदना जाईल, अशी भीती बऱ्याच जणांना असते. तसं होत नाही. जास्त करून अनवाणी वावरणाऱ्यांचा तळवा खरखरीत नसतो, जुन्या चामड्यासारखा गुळगुळीत आणि चिवट असतो. 2019 साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात जाड घट्टे असलेल्या पायांनाही स्पर्श तितकाच कळतो, असं दिसलं. ताठ असल्यामुळे तो थर संवेदना खालच्या मज्जातंतूंपर्यंत पोहोचवतो, बुटाच्या मऊ गादीसारखा गिळून टाकत नाही. दगडाने खरवडून तो थर काढू नका. टाचेच्या कडेला भेगा पडत असतील तर तेवढीच कड घासा आणि रात्री युरिया असलेलं मलम लावा. खोल भेग ही शान नव्हे, जंतूंना उघडं दार आहे.

घरात अनवाणी राहण्याबद्दल माझा हात बराच सैल आहे. पायाला खरी ताकद इथूनच येते, धावण्यातून कमी. 2021 च्या एका अभ्यासात लोकांनी रोजच्या वावरासाठी सहा महिने पातळ, लवचिक तळाची पादत्राणं वापरली, वेगळा व्यायाम काहीच नाही, आणि पायाच्या बोटांची ताकद सरासरी 57 टक्क्यांनी वाढली. (धावायला नको म्हटलेले पातळ बूट इथे चालतात. चालताना धावण्याएवढा भार येत नाही.) उभं राहून दात घासताना एका पायावर उभे राहा, अंगठा टेकवून ठेवून बाकीची बोटं उचला, मग उलट करा. पहिल्या दिवशी बोटं ऐकतच नाहीत. मेंदूचा आणि त्यांचा संपर्कच तुटलेला असतो. दोन आठवड्यांत ऐकायला लागतात. अपवाद एक: सकाळी पलंगावरून उतरताना पहिली पावलं टाचेत सुई टोचल्यासारखी दुखत असतील, तर सध्या कडक फरशीवर तासन्‌तास अनवाणी उभं राहू नका. घरात मऊ चप्पल घाला, पोटरीची ताकद वाढवा, दुखणं बसलं की रोज थोडा वेळ अनवाणी.

जमिनीतून शरीरात ऊर्जा येते, विजेचा समतोल साधतो वगैरे दावेही तुमच्या वाचनात येतील. मी त्यावर वेळ घालवत नाही.

मुलीला खुशाल खेळू द्या. लहान मुलांचा पाय सपाट दिसतो, कमान सावकाश तयार होते. 1992 साली 2,300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासले गेले, तेव्हा बूट वापरणाऱ्यांत 8.6 टक्के आणि अनवाणी मुलांत 2.8 टक्के पाय सपाट आढळले. एवढ्यावरून बुटांनीच पाय बिघडतो असं म्हणता येत नाही, पण सपाट वाटतो म्हणून निरोगी, न दुखणाऱ्या लहान पायाला कडक बुटात कोंबायचं कारणही उरत नाही. बूट घ्याल तेव्हा पुढे बोटं पसरायला जागा आहे ना, एवढं बघा.

काही जणांना मात्र मी स्पष्ट नाही म्हणते. मधुमेह आहे आणि पायाची संवेदना कमी झालीय, त्यांनी अनवाणी चालूही नये, घरातसुद्धा. काच घुसलेली संध्याकाळी मोज्याला रक्त लागल्यावर कळते, ही अतिशयोक्ती नाही. बारीक नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून करायची एक सोपी तपासणी असते, 10 ग्रॅम मोनोफिलामेंट. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा करून घ्याच. पायात रक्तपुरवठा कमी असणं, हाडं ठिसूळ असणं, आधीचा स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या भाराने हाडाला गेलेला तडा), ही मंडळी आधी डॉक्टरांशी बोलूनच.

उघड्यावर शौच होणाऱ्या दमट मातीत अंकुशकृमीच्या अळ्या तळव्याच्या कातडीतून आत शिरतात, तिथे अनवाणी नकोच. सार्वजनिक स्नानगृहं, पोहण्याच्या तलावाच्या कडा इथे चामखिळीचा विषाणू मिळतो, तिथे चप्पल. धनुर्वाताच्या लशीला दहा वर्षं झाली असतील तर नवा डोस घ्या. भर उन्हातल्या डांबरावर कातडी भाजते, आणि धावताना ते उशिरा कळतं. थांबून हाताचा तळवा पाच सेकंद टेकवता येत नसेल तर पायाचाही नको. कडाक्याच्या थंडीत पाय बधिर होतो, आणि बधिर पायाला काहीच सांगता येत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पुढचे दहा दिवस नुसतं चालणं, मग बूट घालून पावलांची संख्या वाढवणं, आणि तीन-चार आठवड्यांनी पहिले तीनशे मीटर. दुखलं तर जागा बघा. पसरलेलं, दोन्ही पायांत, चालायला लागल्यावर सैल होणारं दुखणं चालेल. पावलाच्या वर एका बोटाने झाकता येईल एवढ्याच जागी, दाबल्यावर कळवळायला लावणारं दुखणं असेल तर त्याच दिवशी थांबा, आणि एक्स-रे स्वच्छ आला तरी थांबलेलेच राहा.

आणि बूट घरी ठेवून निघू नका, हातात घेऊन निघा. घरी ठेवले की परत यायचं अंतर बूट ठरवतात. तळवा दुसऱ्या वळणावर नको म्हणत असतो आणि घर अजून दीड किलोमीटर लांब असतं. सुरुवातीला मी मोजे बुटांत कोंबून, नाड्या बोटाला अडकवून धावायचे. हात जरा विचित्र हलतात, एवढंच.